रेट्रो बाइक घ्यावी का? आधी चाकं बघा, टाकी नंतर

रेट्रो, म्हणजे जुन्या काळच्या रूपाच्या बाइकचा कोणताही फोटो बघा, नजर आधी टाकीवर जाते. मग गोल हेडलाइट, क्रोमचे मडगार्ड, तारांची चाकं. गाडी चांगली चालते की नाही, हे यातली एकही गोष्ट सांगत नाही. पण प्रत्येकीची किंमत पुढे मोजावी लागते, कुठे देखभालीत, कुठे वेगात, कुठे पंक्चर झाल्यावर. ती किंमत आधी समजून घेतली आणि पटली, तर खुशाल घ्या.

पहिला प्रश्न असा, की गाडीचे नुसते कपडे जुने आहेत की हाडंही जुनी आहेत? ट्रायम्फ स्पीड ४०० दिसायला साधी, गोल दिव्याची. आत मात्र ३९८ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं, सुमारे ४० पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) इंजिन, १७ इंची अलॉय चाकं, पुढे उलटे फोर्क आणि मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप. कावासाकी झेड ९०० आरएसचं तेच. चेहरा १९७२ च्या झेड १ चा, खाली झेड ९०० चं ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. या गाड्या आजच्याच आहेत, फक्त वेष पालटलेला. दुसऱ्या टोकाला रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, हवा आणि तेलावर थंड होणारं एक सिलिंडर, २०.२ बीएचपी, १९५ किलो वजन, मागे दोन शॉकअप. कावासाकी डब्ल्यू ८०० मध्ये तर कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला चेनऐवजी उभा शाफ्ट आणि बेव्हल गिअर आहेत. त्या शाफ्टची नळी सिलिंडरच्या बाजूला बाहेरूनच दिसते. ट्रायम्फ बॉनव्हिल या दोघांच्या मधली. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा तिच्या थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागाला) जुन्या कार्ब्युरेटरचं रूप दिलं गेलं, हे शुद्ध नाटक. पण टी १२० चं १२०० सीसी इंजिन ३,५०० आरपीएमलाच १०५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, ते नाटक नाही.

हा फरक महत्त्वाचा, कारण निर्णय शेवटी वेगावर ठरतो. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. ताशी ८० किमीवरून १२० वर जायचं तर वेग दीडपट होतो, पण नुसता वारा कापायला सुमारे ३.४ पट ताकद लागते. त्यात रेट्रो गाडीवर बसणं ताठ, छाती सरळ वाऱ्यात, पुढे काच नाही. २० बीएचपीची गाडी ८० ला मजेत चालते. १०० ला ओव्हरटेक करायचं म्हटलं की हातात फारसं काही उरलेलं नसतं. क्लासिकच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८५.८ मिमी. लांब स्ट्रोकमुळे ४,००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर मिळतात आणि वरच्या गिअरमध्येही गाडी कमी वेगात न कुरकुरता ओढते. पण ६,१०० आरपीएमला हाच पिस्टन सेकंदाला सरासरी साडेसतरा मीटर धावत असतो. असं इंजिन तासन्तास पिळत ठेवण्यासाठी नसतं.

त्यामुळे बहुतेक फिरणं ताशी ९० किमीच्या आत होणार असेल, तर जुन्या घडणीची ३५० सीसी गाडी घ्यायला माझी हरकत नाही. रोजच मोकळ्या हायवेवर ११०-१२० ने जायचं असेल, तर आतून आधुनिक असलेली ४०० घ्या किंवा दोन सिलिंडरच्या गाडीकडे वळा. इंटरसेप्टर ६५० चं ६४८ सीसी इंजिन ४७ बीएचपी देतं. तिचा क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो शाफ्ट) २७० अंशांचा आहे, म्हणजे दोन्ही पिस्टन एकाच क्षणी थांबत नाहीत. एक टोकाला असतो तेव्हा दुसरा वाटेत वेगात असतो. त्यामुळे थरथर कमी होते आणि आवाजही व्ही-ट्विनसारखा, म्हणजे व्ही आकारातल्या दोन सिलिंडरच्या इंजिनासारखा येतो.

आता चाकं. इथे जरा थांबायलाच हवं, कारण शोरूममध्ये याबद्दल कोणी बोलत नाही. साध्या तारांच्या रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असतं, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते आणि प्लग मारायला दहा मिनिटं पुरतात. ट्यूब फाटली की हवा व्हॉल्व्हच्या आणि तारांच्या भोकांतून भसकन निघून जाते आणि गाडी डोलायला लागते. अशा वेळी एकदम ब्रेक दाबू नका. थ्रॉटल हळूहळू सोडा, हॅण्डल सैल पण स्थिर धरा. पुढचं चाक बसलं असेल तर मागचा ब्रेक, मागचं बसलं असेल तर पुढचा, तोही हलकेच.

रस्त्यात ट्यूब बदलायची तर तीन टायर लिव्हर, योग्य मापाची ट्यूब, पंप आणि अ‍ॅक्सलच्या नटाचा पाना जवळ हवा. डबल स्टँड नसेल तर मागचं चाक काढताना गाडी कशावर उभी करायची, याचा विचार घरीच करून ठेवा. व्हॉल्व्हचा कोअर (आतली सुटी पिन) काढून हवा पूर्ण सोडा, टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमपासून सुटी करा. लिव्हर व्हॉल्व्हजवळून लावा आणि त्याच वेळी समोरची कड गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवा. हे केलं नाही तर टायर निघत नाही, आणि परत बसवताना चढतही नाही. मग माणूस जोर लावतो आणि लिव्हरनं नवी ट्यूब चिमटते. नवी ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवून खिळा शोधा, रिमटेप (तारांची टोकं झाकणारी पट्टी) जागेवर आहे का बघा, आणि ट्यूबमध्ये आकार येईल इतपतच हवा भरा, म्हणजे तिला पीळ पडत नाही. हे करायची तयारी नसेल, तर त्याच गाडीची अलॉय चाकांची आवृत्ती मागा. इंटरसेप्टरला ती २०२३ पासून मिळते. अलॉयमुळे देखणेपणा थोडा जातो, मान्य. तार रिमच्या बाहेरच्या कडेला अडकवलेली ट्यूबलेस चाकंही असतात, ती मिळाली तर उत्तम.

तारांचं दुसरं दुखणं म्हणजे त्या सैल होतात. नव्या गाडीत पहिल्या ५०० किमीच्या सर्व्हिसला तारा तपासून घ्या, त्यानंतर दर सर्व्हिसला. चाक उचलून फिरवा आणि प्रत्येक तारेवर पान्यानं हलकेच टिचकी मारा. घट्ट तार टणत्कार देते, सैल तार भदभदते. सैल दिसली म्हणून एकटीच कसू नका, रिम तिच्याकडे ओढली जाते आणि आउट येतो, म्हणजे चाक डोलत फिरतं. कडेला दोन मिमीपेक्षा जास्त डोल दिसला तर आउट काढणाऱ्या जाणकाराकडेच चाक द्या.

क्रोमचं थोडक्यात सांगतो. त्याच्या थराला सूक्ष्म भेगा असतात आणि पाणी तिथून आतल्या पोलादापर्यंत पोचतं. मडगार्डची आतली बाजू आणि तारांची निपल (तार रिमला कसणारे छोटे नट) आधी गंजतात, नेमक्या जिथे कोणी फडकं फिरवत नाही तिथे. धुतल्यावर कोरडं करा, महिन्यातून एकदा वॅक्स लावा. सायलेन्सरचा बेंड पाइप निळा पडणं हा बहुधा दोष नसतो, एकेरी पत्र्याचा पाइप तापला की तो रंग बदलतोच. फार लवकर आणि लांबपर्यंत निळा झाला, तर मात्र कुठून हवा खेचली जात नाही ना, ते बघा.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नाही, कूलंट नाही, ते गळण्याची भानगडही नाही. त्या बदल्यात ट्रॅफिकमध्ये पोटऱ्या भाजतात आणि तेलावर जास्त ताण येतो. तेलाची पातळी गाडी सरळ उभी करून बघा, साइड स्टँडवर ती चुकीची दिसते. तेल जासो (मोटारसायकलच्या तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए २ दर्जाचंच घाला. बहुतेक गाड्यांमध्ये क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो सरकू शकतो. मग आरपीएम चढतो, गाडी पुढे जात नाही, आणि लोक क्लचप्लेट बदलून मोकळे होतात.

मागच्या दोन शॉकअपचा प्रवास बहुधा कमीच असतो. खड्ड्यात ते तळाला आपटले की धक्का थेट कण्यात. सीट बदलण्याआधी प्रीलोड, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलेली आहे, ते जुळवा. चाक अधांतरी ठेवून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंतचं अंतर मोजा, मग तुम्ही बसल्यावर पुन्हा मोजा. फरक एकूण प्रवासाच्या २५ ते ३० टक्के असावा. डबल सीट जाताना प्रीलोड एक-दोन पायऱ्या वाढवा. एवढं करूनही पाठ दुखत असेल तर चांगले शॉकअप घ्या.

पण लोक पैसे आधी सायलेन्सरवर घालतात. कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून मोकळा पाइप लावला की ऑक्सिजन सेन्सरचं गणित बिघडू शकतं, थ्रॉटल सोडल्यावर फटफट सुरू होते, आणि ताकद वाढल्याचा भास बहुतेक आवाजाचाच असतो. माझा क्रम असा: टायर, शॉकअप, सीट, आणि लांब जायचं असेल तर छोटी काच.

टेस्ट राइडला शोरूमभोवती एक चक्कर मारून काहीच कळत नाही. बंद गाडी थोड्या चढावर उलटी ढकलून बघा. टी १२० चं वजन २३६ किलो आहे, हे तिथे कळतं. अरुंद रस्त्यात यू-टर्न घ्या. नेहमीच्या वेगाला आरशात मागची गाडी ओळखू येते का बघा. इंजिन चांगलं तापल्यावर न्यूट्रल सहज सापडतो का, तेही. मागे बसणारं माणूस सोबत न्याच. छोट्या, सपाट सीटबद्दलचं त्याचं मत तुमच्यापेक्षा खरं असतं.

जुनी गाडी घेताना इंजिन गार असतानाच जा. आधीच तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. फोर्कवर रबरी गेटर (घड्यांची आवरणं) असतील तर वर सरकवा, त्यांच्याखाली गळकं ऑइल सील आणि गंजलेली नळी दोन्ही लपतात. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच गेलेला आहे. टायरवरचे चार आकडे वाचा, २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच. गाडी चालू करून आरपीएम वाढवा आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावा, साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

कुणीतरी कॅफे रेसर (जुन्या रेसिंग गाडीसारखं रूप) बनवलेली गाडी स्वस्तात मिळत असेल, तर सीट उचलून मागची चौकट बघा. ती कापून वाकडा पाइप वेल्ड केलेला असेल, एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) काढून उघडे फिल्टर बसवले असतील आणि बॅटरी सीटखाली कशीबशी कोंबलेली असेल, तर किंमत विचारण्यातही वेळ घालवू नका. त्या वेल्डवर मागे बसणाऱ्याचं सगळं वजन येणार असतं.