डबा ७ : मेथी पुन्हा गेली, पण या वेळी कारण सापडलं

मंडळी, मंगळावरच्या मातीऐवजी बेसाल्ट दगडाच्या भुकटीत भाजी वाढवून बघण्याच्या माझ्या प्रयोगातला डबा ७ गेला. रविवारी सकाळी गच्चीवर गेलो तर २१ पैकी १८ मेथीची रोपं आडवी झालेली, तीही दोन पानांवर असतानाच. डबा ५ असाच गेला तेव्हा मी नत्राच्या कमतरतेला दोष दिला होता. तो अंदाज चुकीचा होता. या वेळी बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पकडणारे जिवाणू) चोळलं होतं, पाणी समईच्या वातीनं खालून दिलं होतं, तरी तेच झालं.

रोप उपटलं तर मुळं तपकिरी, टोकं कुजलेली. भुकटी वरून सिमेंटसारखी कडक आणि बोटभर खाली चिखल. मामांना फोटो पाठवला. त्यांची आयुष्यभर काळ्या रानात शेती. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, याला वाफसा कधी आला होता का?"

वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची अवस्था. नव्हता आला! मुळाला पाण्याइतकीच हवा लागते आणि मैद्यासारख्या बेसाल्टमध्ये हवेला जागाच उरत नाही. सहा महिने मी खनिजांचा हिशेब मांडत होतो, कणांच्या आकाराकडे पाहिलंच नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडात अपोलोनं आणलेल्या खऱ्या चांद्रमातीत रोपं वाढवली, तेव्हा ती खुरटली होती. तो लेख वाचतानाही माझं सगळं लक्ष रसायनावरच होतं.

मंगळावर हे आणखी अवघड होणार. तिथलं गुरुत्व आपल्या ३८ टक्के. पाणी खाली ओढणारा जोर कमी, पण बारीक कणांची केशाकर्षणाची पकड तेवढीच. म्हणजे इथं तुंबतं ते तिथं जास्तच तुंबेल. वस्तीच्या चर्चेत सगळे रॉकेटबद्दल बोलतात. मला आता वाटतं, वाफशाचा प्रश्न सुटल्याशिवाय तिथं कुणी भाजी खाणार नाही.

खरं तर पुरावा शेजारीच होता. डबा ६ मध्ये चाळणीवर उरलेली भरड टाकली होती, वाया जाऊ नये म्हणून. त्यातला मूग वीतभर झालाय. एक रोप उपटलं तर मुळावर चार गाठी, आणि एक नखानं फोडली तर आत गुलाबी! म्हणजे खताचा कणही न घालता, दगडाच्या चुऱ्यात नत्र पकडणं सुरू आहे. मी बराच वेळ भिंगातून ते मूळ बघत बसलो.

कुणाला करून बघायचं असेल तर ही भुकटी, म्हणजे डस्ट, थेट खडी क्रशरवरूनच आणा. माझी पहिली दोन पोती दुकानातली होती, त्यात मुरूम निघाला आणि चार डबे फुकट गेले. चाळताना मास्क लावाच.

कोकोपीट, गांडूळखत सुचवणाऱ्यांचे मनापासून आभार, पण नियम तोच: मंगळावर मिळेल ते, किंवा इथून चिमूटभर नेता येईल ते. विटेचा चुरा मात्र चालेल. चिकणमातीची खनिजं नासाच्या क्युरिऑसिटी या गाडीला मंगळावरच्या गेल विवरात सापडली आहेत, आणि अंतराळ स्थानकावरच्या व्हेजी या भाजी वाढवायच्या यंत्रातही रोपं भाजलेल्या मातीच्या दाण्यांतच वाढवतात. म्हणून डबा ८ साठी तीन भाग भरड, एक भाग विटेचा चुरा असं ठरवलं होतं.

ठरवलं होतं म्हणतोय, कारण हे लिहितानाच दुसरं सुचलं. भरड वापरली तर अर्धी भुकटी फेकावी लागते. त्याऐवजी बारीक कणच एकमेकांना चिकटवले तर? मेथी भिजवली की तिला भरपूर चिकट सुटतो. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी स्थानकावर मेथी आणि मूग अंकुरवले, म्हणजे मेथीचं बी तसंही आपल्याबरोबर जाणारच आहे.

स्वयंपाकघरात आईनं उसळीसाठी मेथी भिजवलेलीच होती. त्या पाण्यात भुकटी कालवून साबुदाण्याएवढे दाणे वळले आणि तव्यावर मंद आचेवर सुकवले. त्यातले दहा वाटीभर पाण्यात टाकले. आता दीड तास झालाय. तीन विरघळले, सात शाबूत आहेत. सकाळपर्यंत पाच जरी टिकले तरी डबा ८ याच दाण्यांनी भरतो.