वाळूजच्या शेडमधून : कंटेनर घरांची आमची वाटचाल

वाळूज एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं ते ट्रॉली, ग्रिल आणि शेडच्या कामासाठी. उसाचा हंगाम जवळ आला की ट्रॉल्यांची दुरुस्ती, एरवी आसपासच्या कारखान्यांच्या छोट्या-मोठ्या ऑर्डरी, यावर घर चालायचं. कंटेनरचं, म्हणजे जहाजातून माल नेणाऱ्या मोठ्या लोखंडी पेट्यांच्या खोल्या करायचं काम आमच्याकडे आलं समृद्धी महामार्गाच्या बांधणीच्या काळात. ठेकेदारांना साइटवर ऑफिस, स्टोअर, इंजिनिअर लोकांना झोपायला खोल्या हव्या असायच्या. रस्ता पुढं सरकला की खोल्याही पुढं न्यायच्या. दार-खिडकी कापा, पंखा लावा, रंग मारा, एवढीच मागणी असे.

पण मे महिन्यात त्या खोल्यांत दुपारी माणूस टिकत नसे. सगळे बाहेर लिंबाच्या सावलीत खुर्च्या टाकून नकाशे पाहायचे. ते पाहूनच आम्ही ठरवलं, की या धंद्यात राहायचं तर आधी उन्हाचं उत्तर शोधायचं. मुंबई-पुण्याकडच्या फोटोंत कंटेनर घर कितीही देखणं दिसो, मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि कंटेनरचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा.

आमची आजची भिंत अशी असते. बाहेरून कंटेनरचा मूळ पन्हाळी पत्रा, आतून चौकोनी पाइपांची चौकट, चौकटीत पन्नास मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी, दगडाच्या धाग्यांची गादी), त्यावर फॉइलचा थर आणि शेवटी फायबर सिमेंट बोर्ड. पाइप थेट पत्र्याला टेकवला तर ऊन त्याच वाटेनं आत येतं, म्हणून मध्ये रबराची पट्टी. फॉइलचा थर बरेच जण गाळतात. डिसेंबरच्या थंडीत रात्री आतली दमट हवा गार पत्र्याला लागली की त्याला घाम सुटतो, रॉकवूल भिजतं आणि आतून गंज धरतो. बोर्ड लागल्यावर यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे आम्ही गिऱ्हाइकाला बोर्ड लावायच्या आधीच यार्डात बोलावतो आणि हात लावून पाहायला सांगतो.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो दुसऱ्या छपराचा. कंटेनरच्या वर फूट-दीड फूट मोकळी जागा सोडून उतरता पत्रा टाकायचा आणि पश्चिमेला तो चांगला पुढं काढायचा. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, मधून वारा खेळतो. दरपत्रकात हे छप्पर पाहून लोक म्हणतात, "भाऊ, एवढं काढून टाका, एसी बसवू." आम्ही काढत नाही. गावाकडे ऐन दुपारी लोडशेडिंग असतं, तेव्हा एसी काय कामाचा?

आता मालाविषयी. आम्ही जुने कंटेनर घेतो ते न्हावा-शेवा बंदराच्या आसपासच्या यार्डांतून. त्यांचं पोलाद कॉर्टेन जातीचं असतं. त्यावर धरणारा गंजाचा पातळ थरच आतल्या लोखंडाला जपतो. तरीही समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षं काढलेला माल डोळे मिटून घेता येत नाही. आत शिरून दोन्ही दारं लावून घ्यायची आणि अंधारात उभं राहायचं. डोळे सरावले की छतात, कोपऱ्यात, तळाच्या कडेला जिथं जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पावसाळ्यात पाणी येणार. मग जमिनीचा वास घ्यायचा. खालचं जाड प्लायवूड बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं, आणि पूर्वी आतून कुठला माल गेला हे कोणी सांगत नाही. राहण्याच्या घरासाठी आम्ही ते काढूनच टाकतो.

कापण्याचा नियम वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ आहे : आधी चौकट, मग कटर. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो. म्हणूनच जहाजावर ते एकावर एक रचता येतात. बाजूचा पन्हाळी पत्रा काढला की वरची कड झोल खाते. वीस फुटी कंटेनर आतून जेमतेम पावणेआठ फूट रुंद, इन्सुलेशननंतर त्याहून कमी, त्यामुळे हॉल हवा असेल तर दोन शेजारी ठेवून मधल्या भिंती काढाव्या लागतात. तिथं बीम आणि खांब वेल्ड केल्याशिवाय आम्ही गॅस पेटवत नाही.

कांदा साठवायला कंटेनर जमिनीत पुरून द्या, असं सांगणारे शेतकरी दरवर्षी येतात. बाजूचा पत्रा मातीचा दाब घ्यायला बनवलेलाच नाही, तो आत दबतो. हे काम आम्ही घेत नाही. पाण्याची टाकीही छताच्या मध्यावर ठेवून देत नाही.

मराठवाड्यात या घरांना खरी मागणी का आहे, हे आम्हाला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. परभणीकडच्या काळ्या रानात भिंतींना तडे जातात, कारण माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. तिथं मुरमापर्यंत खोल जाऊन काँक्रीटचे सुटे पाये घ्यायचे आणि कंटेनर जमिनीपासून दोन फूट वर ठेवायचा. खालून हवा जाते, उंदीर-घुशींचा त्रासही कमी. दुसरं कारण पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरवर जगणाऱ्या गावात विटांच्या भिंतींवर आणि स्लॅबवर रोज पाणी मारायचं कुठून? आमच्या कामात पाणी लागतं ते पायापुरतं.

आणि औसा तालुक्यातल्या त्या आजी. नातवानं शेतात घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याही यार्डात आल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या माहेरची माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली होती. आजींनी किंमत विचारली नाही, रंग विचारला नाही. बोर्ड न लावलेल्या खोलीत उभ्या राहून वर पाहत म्हणाल्या, "लेकरा, वरून जड काही पडायचं नाही ना?" रिकामा वीस फुटी कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, आणि सगळा सांगाडा एकसंध वेल्ड केलेला. नीट पायाला बोल्ट केला तर हादऱ्यात तो पेटीसारखा अख्खाच हलतो, हे मी त्यांना कोपऱ्याचा खांब दाखवून समजावलं. त्यांच्या खोलीला आम्ही दोन दारं दिली.

कागदपत्रांचं सांगायलाच हवं. घर हलवता येतं म्हणून परवानगी लागत नाही, असं सांगून विकणारे आहेत. माणसं कायम राहणार असतील तर जागेचा एनए (बिगरशेती परवाना), ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं बांधकामाचं प्रकरण आधी विचारून घ्या. कर्जासाठी एका बँकेनं आमच्या गिऱ्हाइकाला महिनोन्‌महिने फिरवलं आणि शेवटी हे घर नव्हे, माल आहे म्हणून फाइल परत केली. तेव्हापासून पैशाची सोय पक्की झाल्याशिवाय आम्ही कंटेनर उचलत नाही. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) यांच्याशिवाय वीजही जोडून देत नाही. अख्खं घर लोखंडाचं आहे. ऑर्डर घेण्याआधी गावापर्यंतचा रस्ता स्वतः पाहून येतो, कारण चाळीस फुटी ट्रेलर वेशीतून वळत नाही आणि विजेच्या तारा खाली लोंबत असतात.

सध्या यार्डात जालना जिल्ह्यातल्या एका गावाची अभ्यासिका उभी आहे. दोन कंटेनर जोडून मोठी खोली, उत्तरेला लांब खिडक्या, पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतील. गावानं वर्गणी काढली आहे. दुसऱ्या छपराचे पैसे कमी पडत होते, ते आम्ही आमच्याकडून घालतोय. शेजारीच आमची नमुन्याची खोली आहे. पाहायला येणार असाल तर उन्हाळ्यात या, दुपारी दोनला या. पंखा बंद ठेवून आत बसायला खुर्ची देऊ.