आपटताना कसलं घर्षण?

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. नट-बोल्ट पुढे सरकवणारे व्हायब्रेटरी फीडर आम्ही दुरुस्त करतो. कोपऱ्यातली तिरकी पोलादी पाटी आणि डबीतले २० मिलिमीटरचे बेअरिंगचे छर्रे बघून येणारा हटकून विचारतो, "घासल्यावर घर्षण होतं हे कळतं, आपटताना कसलं? आणि ते मोजता कसं?"

कॅरम खेळला असाल तर तुमच्या बोटांना ते ठाऊक आहे. कट मारला की सोंगटी अपेक्षित रेषेतून जराशी ओढली जाते, कारण टेकलेल्या त्या क्षणात स्ट्रायकर तिच्या कडेवरून घसरतो. फीडरच्या वाटीतले नग दिवसभर हेच करतात.

छर्रा ५ सेंटिमीटरवरून सोडला की सेकंदाला साधारण १ मीटर वेगानं आदळतो. पाटीला टेकतो तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या, तरी दोन फ्रेममध्ये तो ४ मिलिमीटर पुढं गेलेला असतो. धडक दिसतच नाही, आधीचा आणि नंतरचा वेग तेवढा दिसतो. तेवढ्यावर भागतं. पाटीलगतचा, म्हणजे पाटीच्या उताराच्या दिशेतला वेग किती घटला, त्याला पाटीशी काटकोनातला वेग किती बदलला यानं भागायचं. वजन वर-खाली दोन्हीकडं असल्यामुळं उडून जातं, तराजूसुद्धा लागत नाही.

समजा पाटी ६० अंशांत आहे. पाटीलगतचा वेग ०.८७ चा ०.७३ झाला, म्हणजे ०.१४ गेला. काटकोनात छर्रा ०.५० नं आला आणि ०.४५ नं उलटा फिरला. इथं हमखास चुकतात लोक, वजाबाकी करतात. दिशा उलटली आहे, बेरीज करा: ०.९५. भागाकार साधारण ०.१५. हाच घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा.

पहिल्यांदा मी पाटी ३० अंशांत ठेवली होती आणि उत्तर ०.१ च्या आसपास आलं. पाटीचं ग्राइंडिंग काय झकास झालंय म्हणून दोन दिवस मिरवलो! मग छर्‍यावर मार्करनं रेघ ओढली, तेव्हा उजेड पडला. कमी उतारावर छर्रा टेकलेला असतानाच घसरायचा थांबतो आणि लोळायला लागतो. घसरणं मध्येच संपलं की तो भागाकार घर्षणांक राहत नाही, त्याहून कमी भरतो. आता कोन वाढवत नेतो. आकडा चढत जाऊन जिथं थांबतो, तो धरायचा.

तरीही आकडे रोज वेगळे यायचे. शेजारी हळदीचं गोदाम. एकदा थिनरच्या बोळ्यानं पाटी पुसली, तर बोळा पिवळाधमक. तेव्हापासून आधी पाटी पुसायची आणि छर्रा चिमट्यानंच उचलायचा, बोटांचं तेलही चालत नाही.

परवा असंच विचारत एक गिऱ्हाईक छर्रा तळहातावर खेळवत बसलं. त्यांना चहा दिला आणि छर्रा काढून थिनरच्या वाटीत टाकला.