खुनाची पुस्तकं आणि आमच्या आत्या

शनिवार, रात्री उशिरा

सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्यांचं खरं दुखणं मी खुनाची पुस्तकं वाचते हे नाहीच. ती वाचून मी घोरते, हे आहे. "असलं वाचून तुला झोप येत्या तरी कशी गं?"

येते, कारण पुस्तकातला खुनी फारच हुशार असतो. माग ठेवतो, पोलिसांना चिठ्ठ्या पाठवतो, पौर्णिमेचा मुहूर्तही बघतो. एवढी उठाठेव करायला याला वेळ कुठून मिळतो, नोकरीबिकरी आहे की नाही? आणि अडीचशे पानं झाली की त्याचं बालपण निघतं. बाप मारायचा, आई सोडून गेली. हिशेब लागला, दिवा बंद.

आमच्या कोल्हापुरात जे घडलं त्याचा हिशेब मात्र मला अजून लागलेला नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. 1990 ते 1996 या काळात त्यांनी गर्दीतून लहान पोरं पळवली. कशाला, तर पाकीटमारीला. कडेवर लेकरू असलेल्या बाईवर कोण संशय घेणार? ते लेकरू रडायला लागलं, अडचण व्हायला लागलं, की मारून टाकायचं. चिठ्ठी नाही, पौर्णिमा नाही. चार पैशांच्या पाकिटांसाठी. असा खुनी कुणी कादंबरीत घातला तर मीच म्हणेन, पात्र कच्चं आहे.

1996 साली त्या पकडल्या गेल्या. अंजनाबाई पुढच्याच वर्षी कोठडीत मेली. दोघी बहिणींना 2001 मध्ये इथल्याच सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पण दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला इतकी वर्षं लागली, की 2022 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने त्या दिरंगाईपायी फाशीची जन्मठेप केली. यावर आमच्या घरी अजूनही भांडणं होतात.

आज जेवताना आत्यांजवळ विषय काढला. अंबाबाईच्या देवळात नवरात्राच्या रांगेत त्या ह्यांचं मनगट इतकं आवळून धरायच्या, की घरी आल्यावर बांगडीचा वळ दिसायचा. "पोरगं कावायचं, हात सोड म्हणायचं. म्या कुठली सोडत्या!" शेजारच्या कडेवर पोर घेतलेल्या बाईकडेही नीट बघून घ्यायच्या म्हणे. पोर तिच्यासारखं दिसतंय का, म्हणून. हे ऐकून मात्र माझा घास हातातच राहिला. ह्यांना काहीच आठवत नाही. ते भाकरी मोडत बसले होते.

हातातल्या पुस्तकाची साठेक पानं राहिलीत. वाचनालयाची प्रत. कुण्या आगाऊ माणसाने समासात पेन्सिलीने 'डॉक्टरच!' लिहून ठेवलंय. मला पटत नाही. माझा संशय कंपाउंडरवर आहे.