गरम इंजिनाची गाडी

ठाण्यात मानपाड्याला माझं दुचाकीचं गॅरेज आहे, १७ वर्षं झाली. मे महिन्यातल्या एका दुपारी दीडच्या सुमारास फोन आला. "काका, गायमुखच्या चढावर गाडी अडकली. किक हलतच नाही." मी आधी विचारलं, "तुला लागलं नाही ना?" तो नाही म्हणाला, पण आवाज कापत होता.

पार्सल पोचवणारा पोरगा. तीनच आठवड्यांपूर्वी ३८ हजारांना दीडशे सीसीची जुनी मोटारसायकल घेतलेली. आणि ती गाडी मी बघून दिली होती. स्कूटर काढून घोडबंदर रोडला लागलो तेव्हा डोक्यात तेवढंच होतं.

तो कडेला उभा होता, हेल्मेट अजून डोक्यावरच. चढावर गाडीची ओढ कमी झाली म्हणून त्याने ॲक्सिलरेटर आणखी पिळला. इंजिनातून घर्र आवाज आला आणि मागचं चाक घासत गेलं. मागे ट्रेलर होता. पोराने क्लच दाबला आणि तिथेच तो वाचला. इंजिन जाम झालं की गिअरमधून चाकही जाम होतं; क्लच दाबला की चाक मोकळं होतं. उरलेल्या वेगात त्याने गाडी डावीकडे घेतली आणि ट्रेलर हॉर्न मारत शेजारून गेला. ब्रेककडे हात गेला असता तर काय झालं असतं, ते मला आजही मनात आणवत नाही.

"काका, थंड झाली. आता किक फिरतेय, स्टार्ट करू?"

"हात लावू नकोस."

इथेच बरेच लोक फसतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्या नळीत वर-खाली होतो तो बाहेरचा स्लीव्ह बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मधे तेलाचा पापुद्रा नसेल तर पिस्टन घासतो, चिकटतो. थंड झाला की आकसतो, किक फिरते, कधी गाडी चालूही होते. पण बोअरला, म्हणजे स्लीव्हच्या आतल्या भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम पिस्टनवरच्या रिंगा खात सुटतं आणि पुढच्या वेळी अडकते ती कायमची. तेल मोजायची डिपस्टिक काढली, पुसून परत घातली. टोकालासुद्धा तेल नव्हतं.

टेंपोत घालून गाडी गॅरेजला आणली. एक लिटर तेल मावणाऱ्या इंजिनातून चहाचा कपही भरेना. काळं, दाट, उन्हात धरलं तर चांदीसारखं चमकणारं. त्यात लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. म्हणजे कीस ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा, पोलादी बेअरिंग-गिअरचा नाही. ब्लॉक उतरवल्यावर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला, खेळ नव्हता. क्रँक वाचला होता. पिस्टनवर मात्र उभे ओरखडे, ऑइल रिंग कार्बनमध्ये चिकटून बसलेली, तेल अडवणारे व्हॉल्व्हचे सील दगडासारखे कडक.

एवढी झीज तीन आठवड्यांत होत नाही. गाडी आधीपासूनच तेल पीत होती, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही जाळत होती.

मग माझ्याकडून सुटली कशी? गाडी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने ती आधीच चालू करून, एक चक्कर मारून ठेवली होती. मी आरसी बघितली, चासी नंबर ताडला, गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घ्यायला लावल्या, चेन, टायर, फोर्क सगळं तपासलं. तेल खुणेपर्यंत होतं. ते नेहमीपेक्षा जाड वाटलं, तरी मी विचारलं नाही. जाड तेलाने धूर काही दिवस दबतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी माझ्यासमोर चालू झाली असती तर पहिल्या किकलाच सायलेन्सरमधून निळा धूर दिसला असता. सील गेल्याची ती उघड खूण. इंजिनाला हात लावून ते थंड आहे का, एवढंच बघायचं मी विसरलो. पोराने मात्र माझ्या शब्दावर पैसे मोजले होते.

विकणाऱ्याने हात वर केले. पोराची रोजची कमाई बंद. दुसऱ्या दिवशी ब्लॉक घेऊन मीच वागळे इस्टेटला लेथवर बसलो. बोअर कातून मोठा करून पन्नासचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला, रिंगा, सील, गॅस्केट नवे. सामानाचे पैसे त्याने दोन हप्त्यांत दिले. मजुरी आणि लेथचे मी घेतले नाहीत. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही.

पहिले ५०० किलोमीटर ॲक्सिलरेटर पिळायचा नाही, दर दोन दिवसांनी तेल बघायचं, असं बजावून गाडी दिली. ५०० ला तो आला, मी तेल काढलं. नव्या पिस्टनची थोडी बारीक चमक होती, तेल मात्र जेवढं घातलं होतं जवळपास तेवढंच निघालं.

पावसाळ्यात त्याच्या मित्रासाठी कळव्याला गाडी बघायला गेलो. इंजिनावर तळवा ठेवला. गरम होतं. मालकाला म्हटलं, "उद्या सकाळी सहाला येतो. आम्ही येईपर्यंत किक मारू नका."