आमच्या हळदीतला जपानी बेंजो

आमच्या उरण-पनवेलकडे बेंजो वाजला नाही तर हळद झाली असं कोणी मानत नाही. लग्नाची तारीख निघाली की हॉलच्या आधी बेंजोवाल्याला फोन जातो. मी अशाच एका पार्टीत बेंजो वाजवतो. दिवसा न्हावाशेव्याला कंटेनर यार्डात सर्व्हेअरची नोकरी आणि मोसमात संध्याकाळी वाजवणं. मोसम म्हणजे गणपती, नवरात्र आणि मग तुळशीचं लग्न झाल्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या हळदी.

ज्यांनी बेंजो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळांच्या दोन रांगा. डाव्या हाताने कळ दाबली की तिच्याखालची धातूची पट्टी तारेवर टेकते, तेवढी तार आखूड होते आणि उजव्या हातातल्या नखीने ती छेडायची. पेटीला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेने उचलणारा भाग, लावलेला, त्याची वायर अॅम्प्लिफायरला, अॅम्प्लिफायर ट्रॉलीवर आणि मागे जनरेटर. अमेरिकेत ज्याला बँजो म्हणतात ते वाद्य निराळं. त्याला चामड्याचं तोंड असतं आणि त्याची मुळं पश्चिम आफ्रिकेत आहेत. आमच्या बेंजोचं मूळ घर जपानमधलं नागोया.

1912 साली जपानमध्ये तायशो राजवट सुरू झाली. त्याच वर्षी नागोयात मोरिता गोरो नावाच्या वादकाने दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला टाइपरायटरच्या धर्तीवर कळा बसवल्या. राजवटीच्या नावावरून वाद्याला तायशोगोतो म्हणू लागले. कळांवर आकडे असत, आकडे वाचता आले की चाल वाजवता येई. किंमत कमी, शिकायला सोपं, घरात बसून वाजवण्याजोगं. आजही जपानमधले व्हिडिओ पाहिले तर वयस्क मंडळी, त्यात बायका जास्त, टेबलांसमोर रांगेने बसून अगदी शांतपणे ते वाजवताना दिसतात. मी पहिल्यांदा असा व्हिडिओ पाहिला तेव्हा आधी त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. नखी धरायची पद्धत तीच, डाव्या हाताची बोटं तशीच पडत होती. आवाज मात्र दिवाणखान्यातला.

जपानने हे वाद्य आशियाभर विकलं. मुंबई आणि जपानचा समुद्री रस्ता त्याआधीच पक्का झाला होता. 1893 साली निप्पॉन युसेन कायशा या कंपनीने मुंबई ते कोबे बोट सुरू केली, जमशेटजी टाटा त्यात सोबत होते. इथून जपानी गिरण्यांसाठी कापूस जायचा आणि पुढच्या काळात तिकडून आगपेट्या, छत्र्या, काचसामान असा स्वस्त माल मुंबईच्या बाजारात यायचा. तायशोगोतो इकडे बुलबुल तरंग झालं, जत्रेत विकलं जाऊ लागलं, पोरांच्या हातात आलं आणि पुढे पिकअप बसवून रस्त्यावर उतरलं. मी रोज कंटेनरची सीलं तपासतो, त्यामुळे माल कुठून कुठे जातो याचं मला नवल उरलेलं नाही. नवल वाटतं ते या पेटीचं पुढे काय काय झालं त्याचं.

बलुचिस्तानात तिचं बेंजू झालं. तिकडच्या वादकांनी पेटी लांब केली, सतत घुमणाऱ्या सुराच्या तारा वाढवल्या आणि आज बलोच लोक ते आपलं वाद्य म्हणून मिरवतात. मकरान किनाऱ्यावरच्या पसनी भागातले उस्ताद नूर बख्श यांचं वादन जरूर ऐका. हा माणूस आयुष्यभर आपल्या मुलखात वाजवत राहिला. 2022 साली त्यांचा ‘जिंगुल’ नावाचा अल्बम आला आणि मग म्हातारपणी युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले. त्यांच्या बेंजूलाही पिकअप आहे. एका कळेवरून दुसऱ्या कळेवर जाताना ते बोट इतकं उशिरा उचलतात की दोन सुरांच्या मध्ये जागाच राहत नाही. आम्हाला हळदीत तेवढी सवड नसते, पण घरी बसून मी ते करून बघतो.

मोंबासाची गोष्ट तर अजून गुंतलेली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब नावाचं गाणं आहे, लग्नकार्यात गातात, शब्द स्वाहिली. अरबी, आफ्रिकी, हिंदुस्थानी असे सगळे वारे त्यात लागलेले. मोंबासाच्या तारबमध्ये तायशोगोतो वाजतं, तिथे त्याला तशकोटा म्हणतात. झुहुरा स्वालेह या गायिकेची जुनी रेकॉर्डिंग ऐका, बेंजोवाल्याला पहिल्या सुरातच ओळख पटेल. आणि त्याच शहरात जुमा भालो नावाचे मोठे गायक होऊन गेले, जे हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द रचलेली गाणी गायचे. म्हणजे मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली चाल समुद्र ओलांडून गेली आणि एका परक्या लग्नात आपली झाली. तिथल्या लग्नघरी ही गाणी ऐकणाऱ्या बाईला ती परकी वाटत असतील असं मला नाही वाटत. आमच्या आत्याबाईला तरी बेंजो कुठे परका वाटतो?

जागतिक संगीत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठा रंगमंच, परदेशी गिटारवाला आणि त्याच्या बाजूला सतार घेऊन बसलेला आपला कलाकार येतो. माझं म्हणणं आहे की आमच्या ट्रॉलीकडे बघा. बेंजो जपानचा. ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक तालपॅड, रोलँड कंपनीचा, तोही जपानी, पहिला 1985 साली आला. टुंबा, म्हणजे हाताने वाजवायचा उभा कोंगो, क्युबाचा. क्युबातून तो न्यूयॉर्कच्या बँडांत गेला, तिथल्या तालावर मुंबईच्या हॉटेलांत नाच व्हायचे आणि कावस लॉर्ड यांच्यासारख्या पारशी वादकाने बोंगो-कोंगोचे ताल हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात रुजवले. तिथून ते ऑर्केस्ट्रात आले, ऑर्केस्ट्रातून हळदीत. त्यांच्या शेजारी आमचा ढोल, ताशा, हलगी. या सगळ्यांना एका ठेक्यावर चालवणारी पोरं कोणी वेल्डर, कोणी रिक्षावाला, कोणी बंदरावर लॅशिंगचं, म्हणजे बोटीवर कंटेनर बांधायचं, काम करणारा. जगाचं गाणं आपल्याकडे आणून ते आपलं करणारे हे लोक आहेत आणि त्यांच्या कामाला ‘गोंगाट’ म्हटलेलं मला मनापासून लागतं.

कारण काम सोपं नाही. एक उदाहरण देतो. कोळी ठेका सहा मात्रांचा, आणि बाहेरून येणारं गाणं बहुतेक वेळा चार किंवा आठ मात्रांचं. ते तसंच वाजवलं तर नाचणाऱ्यांची पावलं अडखळतात. मग चाल सहात बसवावी लागते. जिथे मूळ गाण्यात दोन सारखे सूर आहेत तिथे पहिला लांब घ्यायचा, दुसरा आखूड, लांब-आखूड, लांब-आखूड. ऐकायला एवढंच, पण एखादी ओळ अशी असते की लांब सूर नको तिथे पडतो आणि चालीचा चेहराच बदलतो. मग तिथे एक सूर गाळायचा किंवा आधीचा सूर पुढे ओढायचा. हे ठरवायला आम्हाला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते.

दुसरी अडचण वाद्याचीच. छेडलेली तार लगेच विझते. गायक एक सूर चार मात्रा धरून ठेवतो, तार तेवढी टिकत नाही. म्हणून नखी वर-खाली भराभर चालवत सूर जिवंत ठेवायचा. बेंजोची ती थरथर, जी ऐकल्यावर गल्लीच्या टोकाला उभा असलेला माणूस ‘हळद आहे वाटतं’ म्हणतो, ती या गरजेतून आली. आणि कळ सुटलेली असताना नखी लागली की मोकळी तार वाजते, म्हणून ती तार गाण्याच्या सुराला मिळवलेली पाहिजे. गाणाऱ्या बाईने मध्येच ‘दादा, काळी दोन नको, पांढरी चार घ्या’ म्हणून पट्टी बदलली की सगळी बोटं सरकवायची, शिवाय मोकळी तार बोचणार नाही असं वाजवायचं. घाम तिथे फुटतो.

मी कुठल्या क्लासात गेलो नाही. आमच्या मास्तरांच्या शेजारी बसून शिकलो. नवीन गाणं आलं की मी शब्द गुणगुणत कळा शोधायचो, तेव्हा ते हातावर चापट मारायचे. ‘शब्द सोड रं. चाल पकड. बोटांना शब्द कलत नाय.’ 2012 साली साय या कोरियन गायकाचं गाणं जगभर गाजलं आणि गणपतीत पोरांनी तेच मागितलं, तेव्हा मला या वाक्याचा खरा उपयोग झाला. कोरियन कोणाला येत होतं? त्या गाण्यात सुरांची हालचालही थोडी, बराच वेळ एकाच सुरावर ठोके. बेंजोवर मात्र ते चांगलं बसलं, कारण एका सुरावर भराभर नखी चालवणं हेच आमचं रोजचं काम. 2017 साली लुइस फोन्सीच्या स्पॅनिश गाण्याची पाळी आली. त्याचा ताल रेगेटोनचा, आठ मात्रांत तीन-तीन-दोन असे ठोके. जमैकात जन्मलेला हा ताल पनामातून पोर्तो रिकोला गेला आणि तिथे वाढला. आमच्या ढोलवाल्याला यातलं काही सांगावं लागलं नाही. त्याने फोनवर एकदा ऐकलं, मांडीवर हात मारून पाहिलं आणि ‘हे तर आपलंच हाय’ म्हणून पट्टा गळ्यात घातला. तीन-तीन-दोन त्याच्या हातात लहानपणापासून होतं.

जागतिकीकरणामुळे आपलं गाणं बुडालं असं कोणी म्हटलं की मला हा ढोलवाला आठवतो. बाहेरून आलेलं गाणं कोणाच्या तरी बोटांतून, कोणाच्या तरी मनगटातून गेलं की ते बदलतं. त्याला गावाची चाल येते, चुकांसकट येते. मला धास्ती आहे ती मधली बोटंच निघून जाण्याची. आता पुष्कळ ठिकाणी बेंजोऐवजी डीजे सांगतात. पेनड्राइव्हवर गाणं जसं आलं तसंच वाजतं, उरणला तेच, साताऱ्याला तेच. डीजेवाल्या पोरांवर माझा राग नाही, त्यांनाही घर चालवायचं आहे. पण नाचणाऱ्या म्हातारीचा दम लागलेला पाहून ठेका हळू करणारं तिथे कोणी नसतं. आवाजाच्या बाबतीत आम्ही धुतल्या तांदळाचे आहोत असं मी म्हणणार नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ची मर्यादा घातली आहे, सणासुदीचे काही दिवस सोडले तर ती पाळलीच पाहिजे, आणि आमची पार्टी पाळते. आजारी माणसाच्या दारासमोरून जाताना अॅम्प्लिफायर बंद करून नुसत्या ढोलाच्या काठीवर पुढे जायचं हे मास्तरांनीच लावलेलं वळण.

एका गोष्टीचं दुःख मात्र बेंजोवाला म्हणूनही मला आहे. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. एकेका विधीला ती धवला गाते, वाद्य काही नाही, फक्त बाईचा आवाज आणि तिच्यामागे बायकांचा. माझ्या आईची मावशी धवलारीण होती. मंडपाबाहेर आम्ही वाजवू लागलो की आतला धवला ऐकू येईनासा होतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. म्हणून आता सुपारी घेतानाच आम्ही घरच्यांना विचारतो, धवला कधी आहे? तेवढा वेळ ट्रॉली बंद. काही घरांतून उत्तर येतं, ‘आता कोण गातंय, तुम्ही वाजवा.’ तरी आम्ही विचारतो. गेल्या मोसमात एका घरातली आजी या प्रश्नावर उठून आत गेली आणि दोन शेजारणींना घेऊन आली. त्यांना धवला पाठ होता, कोणी गा म्हटलं नव्हतं इतकंच.

सध्या आम्ही दोघं-तिघं जुन्या बेंजो मास्तरांचं वादन फोनवर रेकॉर्ड करून ठेवतोय. अॅम्प्लिफायर न लावता, घरात बसून, बोटं दिसतील असं. त्यांनी पेटीत स्वतः काय बदल केले, पट्ट्या कशाच्या कापल्या, नखी कशाची केली, तारा कुठून आणल्या, हेही विचारून लिहून घेतोय. लालबाग-परळपासून अलिबाग-रोह्यापर्यंत कोणाच्या घरी जुन्या हळदीची किंवा मिरवणुकीची कॅसेट पडून असेल, बेंजो ऐकू येत असेल, मग भले मध्येच कोणी ओरडत असेल, तरी टाकून देऊ नका. मला कळवा, मी येऊन कॉपी करून घेईन आणि कॅसेट तुमची तुम्हाला परत देईन. आणि धवला रेकॉर्ड झालेला असेल तर तो आधी.