उन्हातली चाचणी
आज एका नव्या फोनच्या परीक्षणाचे चित्रीकरण केले. दुपारच्या उन्हात फोर-के, म्हणजे अतिशय सुस्पष्ट चित्राचे, रेकॉर्डिंग सुरू ठेवले, तेव्हा थोड्याच वेळात कॅमेऱ्याजवळचा भाग चटका बसावा इतका तापला आणि स्क्रीनचा उजेड आपोआप मंदावला. घरात पंख्याखाली हाच फोन सुरळीत चालला होता. फोन पाठवणाऱ्यांनी प्रसिद्धीपूर्वी व्हिडिओ दाखवण्याची अट घातली होती, ती मी स्पष्ट नाकारली. परीक्षणाची वस्तू फुकट मिळाली असेल तर तसे ठळकपणे सांगावे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि ते योग्यच आहे. हप्त्यांवर फोन घेणाऱ्याला तो उन्हात कसा वागतो हे आधी कळायलाच हवे, म्हणून तापण्याचा भाग व्हिडिओच्या सुरुवातीलाच ठेवतो आहे.